आक्काच्या वहाणा

कुणी गावाला निघालं की आक्का कुठे, कशाला, कधी येणार, यातलं काहीच विचारत नाही. त्याच्या पायांकडे बघते आणि म्हणते, “वाट कसली हाय?” खडकाळ की काट्याची, चिखलाची की डांबरी, हे कळल्याशिवाय ती कुणाला पिशवी भरू देत नाही. पायताण आधी, कपडे मागून. मी अवसरीला इंजिनिअरिंगला निघाले तेव्हाही तिने हेच विचारलं. मी म्हटलं, “सगळी फरशी आहे, आक्का.” ती काळजीत पडली. “मग लई घसरत आसंल.”

आक्का माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घर आणे गावच्या पठारावर. दिवाळी झाली की ती घरच्यांबरोबर मेंढरं घेऊन घाट उतरायची, कोकणातल्या शेतांत खतासाठी कळप बसवायची आणि पावसाच्या आत चालतच परत यायची. अशा किती फेऱ्या झाल्या ते तिलाही सांगता येत नाही. तिच्या वहाणा जाड चामड्याच्या, टायरचा तळ लावलेल्या, करकर वाजणाऱ्या. उघड्यावर त्या ती कधी काढतच नसे. जेवतानाही पायात, झोपतानाही पायात. “बिबट्या काय निरोप धाडून येतो व्हय? मेंढरं उधळल्यावर मी वहाणा हुडकत बसू?”

एक गोष्ट लिहायला जड जाते. पहिल्या वर्षी ती मला भेटायला हॉस्टेलवर आली. तिच्या वहाणांच्या आवाजाने व्हरांड्यातल्या मुली वळून बघू लागल्या आणि मी नकळत, खरं तर नकळत नाही, तिच्या दोन पावलं पुढे चालू लागले. निघताना माझ्या नव्या बुटांकडे बघून एवढंच म्हणाली, “डावा चावतोय न्हवं? तेल लाव जरा.” खरंच चावत होता.

गेल्या वर्षी आमची शेवटची मेंढरं विकली. त्यानंतर मी एकदा सहज विचारलं, “आक्का, समुद्र कसा दिसतो गं?”

“मला काय ठावं? वारं फिरलं की आवाज यायचा. पर मेंढरं सोडून बघाया कोण जाईल?”

ते ऐकून मी ठरवलं, सुट्टीत हिला समुद्र दाखवायचाच. ती टाळत राहिली. “माजं काय काम तिथं?”

“काम नाहीच. नुसतं बघायला जायचं.”

“बिनकामाचं? एवढ्या लांब?” ती हसली. मग म्हणाली, “वाट कसली हाय?” मी ओळखलं, ही येणार.

“वाळू आहे.”

“वढ्याची का बारीक?”

समुद्र मीही पाहिला नव्हता. मोबाइलवर फोटो दाखवला तर म्हणाली, “फुटूत पाय भाजतोय का ते कळतं व्हय?”

मी तिच्यासाठी मंचरहून मऊ सँडल आणल्या होत्या. नवं पायताण सरावल्याशिवाय ती प्रवासाला नेत नाही, म्हणून चार दिवस त्या घालून तळ्यापर्यंत जाऊन आली. निघायच्या सकाळी मात्र दोन्ही जोड समोर ठेवून बसली. जास्तीचं ओझं घ्यायचं नाही, हाही तिचाच नियम. “कंच्या घालू? वाटंत तुज्या मैतरणी भेटल्या तर सँडलच बऱ्या दिसत्याल.”

म्हणजे त्या दिवशीची ती दोन पावलं तिने पाहिली होती. मी सँडल फळीवर ठेवल्या आणि वहाणांना तेल लावायला बसले.

नारायणगावच्या स्टँडवर लोक वळून बघत होते. मी तिच्या बरोबरीने चालत होते.

किनाऱ्यावर ती ओल्या वाळूच्या अलीकडे थांबली. बराच वेळ समोर बघत राहिली. मग सवयीने मागे वळून पाहिलं. मागे कळप नव्हता. ती वाकली आणि वहाणा काढल्या. उघड्या आभाळाखाली तिचे अनवाणी पाय मी पहिल्यांदाच पाहत होते. पट्ट्यांखालची कातडी तेवढी उजळ राहिलेली.

“धर,” म्हणाली आणि पाण्यात शिरली. “सोने, लई मऊ हाय की गं!”

शहाळी विकणारी बाई माझ्या हातांकडे बघत होती. “कोणाच्या गो एवढ्या जड वहाणा?”

“माझ्या आत्याच्या,” मी आक्कालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं. “आमच्या पठारावरून इकडे चालत यायची ती.”