हौदातले बुडबुडे

माझ्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, सगळी गल्ली थंडेराव म्हणते. एकतीस वर्षं ते गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करतायत. इंजिनं गार करता करता माणूसच गार पडला, अशी ताईची तक्रार. ती स्वतः दिवसातून चारदा उकळते आणि भाऊजी शांतपणे म्हणतात, "गरम असताना झाकण उघडू नये." मग ती पाचव्यांदा उकळते.

दुकान खाली, घर वर. परवा सकाळी अकराच्या सुमाराला मी माझी गाडी घेऊन गेलो, कारण तापमानाचा काटा सारखा लाल रेघेला टेकत होता. इंजिन निवेपर्यंत त्यांनी मला बसवून ठेवलं, मग झाकण काढून आत बोट फिरवलं. बोट तांबूस झालं.

"नळाचं पाणी ओतलंस?"

"ओतलं. पाणी ते पाणी."

"विनाशकाले विपरीत बुद्धी! आतून गंज धरलाय. वर्षातून एकदा धुऊन कूलंट भरायचं, एवढंच मागते बिचारी गाडी."

मेहुण्याने ऐकून घ्यायचं असतं.

त्यांनी रेडिएटर उतरवला, धुतला, तोंडांना रबरी बुचं मारली, कोपऱ्यातल्या हौदात बुडवला आणि आत हवा भरली. गळती असेल तिथून बुडबुडे येतात, इतकी साधी परीक्षा. पण या गल्लीत त्या परीक्षेला किंमत आहे ती भाऊजींच्या शब्दामुळे. ते ओणवे होऊन बराच वेळ बघत राहिले.

"एकही नाही. पास."

मी त्यांच्या मागेच उभा होतो. उजव्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळच्या माळ वर येत होती. मला वाटलं, थट्टा करतायत.

"भाऊजी, हे काय मग?"

"कुठे?"

मी त्यांचं बोट धरून पाण्यात त्या जागेवर नेलं. बुडबुडे बोटाला लागले असतील, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते तिथेच उकिडवे बसले.

"चार महिने झाले," ते हळूच म्हणाले. "सगळं धुक्यात असल्यासारखं दिसतं. मोतीबिंदू असणार. म्हटलं, निभावून नेऊ. हात तर चालतोय."

मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. पण मी तोंड उघडायच्या आत ते ताडकन उठले. "सकाळी व्हॅनचा रेडिएटर पास केला मी! डायलिसिसच्या पेशंटची व्हॅन. दोन वाजता माणसं घेऊन घाट चढणार आहे ती."

आता बघा, यातून सुटायचं असतं तर सोपं होतं. ड्रायव्हरला काहीतरी थाप मारायची, एक नट घट्ट करायचा राहिला, असं सांगायचं. मीच तसं सुचवलं, खोटं कशाला बोलू? दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फोन लावला आणि सगळ्यांच्या देखत खणखणीत आवाजात म्हणाले, "गाडी परत आण. सकाळी मी तपासलं ते खरं धरू नकोस. मला नीट दिसत नाही."

दोन्ही गिऱ्हाइकांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण उठून गेला.

ड्रायव्हर आला तो धुसफुसतच. रेडिएटर पुन्हा उतरला, पुन्हा हौदात गेला. या वेळी मी आणि ड्रायव्हर, दोघं डोळ्यांत तेल घालून बघत होतो. पाणी स्तब्ध. एक बुडबुडा नाही. काम चोख होतं.

मग मात्र ड्रायव्हरचा पारा चढला. "फुकट हेलपाटा! दिसत नव्हतं तर आधी बोलायचं होतं ना! चार महिने आम्ही कुणाच्या भरवशावर गाड्या पळवतोय?" तो बोलत सुटला, आणि भाऊजी ओल्या हातांनी डोळे पुसत, मान हलवत, जणू कुणी पेढे वाटतंय असे ऐकत राहिले. व्हॅन वेळेत गेली.

आरडाओरडा ऐकून ताई जिन्यात येऊन उभी होती, कधीपासून कोण जाणे. मी मनात म्हटलं, आता खरा स्फोट. पण तिचा आवाजच चढला नाही.

"गल्लीला सांगितलंत. मला का नाही सांगितलं?"

भाऊजींनी हौदाच्या कडेवरून हात फिरवला.

"तुझा चेहरा दिसेनासा झालाय, हे तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

ताई उरलेल्या पायऱ्या उतरली आणि त्यांच्या अगदी समोर येऊन उभी राहिली.

"मग जवळ ये म्हणायचं ना," ती म्हणाली.