पडद्यावर पुसलेलं कुंकू

मुक्या सिनेमात काम केलेली बाई म्हटलं की आताच्या मुलींना वाटतं, काय थाट असेल! थाट कसला, बाई. घोड्यावरून पडायची भीती, उन्हात डोळे जायची भीती, गल्लीतले काय बोलतील ही भीती. पण त्या सगळ्या एकीकडे आणि एका बांगडीची भीती एकीकडे. तीच सांगते.

आम्ही नागपूरचे, महाल वस्तीतले. आमचे हे बर्डीवरच्या सिनेमाघरात तबला वाजवायचे. पडदा मुका, म्हणून त्याच्याखाली पेटीवाला आणि हे बसत. तलवारी निघाल्या की तबला धडधडायचा, राणी रडली की पेटी. राण्यासुद्धा तेव्हा पुरुषच, मिशी काढलेले. मग पुण्याकडची एक कंपनी रामटेकला चित्र घ्यायला आली. त्यांना खरी बाई पाहिजे होती, आणि ह्यांनीच मला पुढे केलं. सासूबाईंनी त्या दिवशी चूल पेटवली नाही. मी त्यांना मामी म्हणायचे. पुढे मी पडद्यावर देवी झाले, शेजारच्या बायका पाया पडायला येऊ लागल्या, तेव्हा कुठे मामींचा आवाज उतरला. तरी कंपनीत जायला निघाले की दारात अडवायच्याच.

"देवी हो, राणी हो, काही हो. कपायाचं कुकू तेवढं सांभाळ वं."

आणि नेमकं तेच माझ्या वाट्याला आलं. चौथं की पाचवं चित्र असेल, पुण्याकडे घेतलेलं. त्यात राजा लढाईत पडतो आणि राणी कुंकू पुसते, बांगड्या फोडते. आमच्याकडे बांगडी फुटली असं तोंडानेही म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. आणि इथे नवरा जिवंत असताना दगडावर हात आपटायचे! मी डायरेक्टरना म्हटलं, "दुसरं काही पण सांगा." ते म्हणाले, "बाई, हेच पाहायला लोक येणार आहेत. नसेल जमत तर तो मिशीवाला आहेच."

रात्रभर विचार करून मी माझ्यापुरती पळवाट काढली. कुंकू लावायचं ते कंपनीच्या रंगाचं, म्हणजे पुसलं जाईल ते कंपनीचं. कपाळावरचं गोंदण तर कुणाला पुसता येत नाही. माझ्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवून चिंधीने बांधल्या, वर लांब बाहीचं पोलकं घातलं आणि मनगटात कंपनीच्या बांगड्या भरल्या. पण त्यांनी माझ्या गोंदणावरही पांढरी भुकटी थापली. मशीनवाला हँडल फिरवायला लागला. "रडा बाई, रडा!" मला रडायला सांगायची गरज नव्हती. पहिल्या वेळी ढग आला. म्हणाले, पुन्हा. दुसऱ्यांदा हात आपटला तेव्हा चिंधी सुटली होती. खाली काचा पडल्या, त्यात एक हिरवी होती.

ती मी कुणाच्या नकळत पदरात बांधून घेतली.

काम संपवून नागपूरला आले तर हे अंथरुणावर. मुदतीचा ताप. डोळे खोल गेलेले, ओठांवर पापुद्रे. मी उशाशी बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत राहिले. ताप कधीपासून आला हे मी विचारलंच नाही. विचारायची छातीच झाली नाही.

हे वाचले. पण नुसती काडी उरली होती. आणि उठून बसतात न बसतात तोच ते चित्र बर्डीवर लागलं. हे म्हणाले, "बायकोचं चित्र लागलं, आन् तबल्यावर दुसरा बसन काय?" ऐकेनात.

रविवारी दुपारी बायकांचा वेगळा खेळ असायचा. मामी आणि मी त्याला गेलो. पडद्याखाली ह्यांची पाठ दिसत होती, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. लढाई झाली, तबला धो धो वाजला. मग राणी आली. मी खाली मान घातली. मागून एक बाई म्हणाली, "अवं बाई, हिचा नवरा तं थो काय, तबल्यावर बसून राहिला!" पडद्यावर पहिला हात दगडावर आला आणि तबला थांबला. एकदम थांबला. मला वाटलं, झालं. मी उभी राहिले. मामींनी माझं मनगट असं आवळलं की नखं रुतली.

बायका ओरडल्या, "वाजव नं गा!"

अंधारातून ह्यांचा आवाज आला, "जित्ता हाओ मी! माह्याच मैताले मीच वाजवू काय?"

सगळं सिनेमाघर हसलं. मीही हसले असेन, पण खाली बसायचं विसरले. मामी हसल्या नाहीत.

परतताना हे पुढे चालत होते, बोटांनी मांडीवर ताल धरून. मामी मागे रेंगाळल्या आणि हळूच म्हणाल्या, "थ्या बांगड्या कंपनीच्या होत्या नं वं?"

"होत्या. एक माझी होती."

त्या रस्त्यातच थांबल्या. "वार कोन्ता होता?"

वार सोमवार होता. पण सोमवारीच ताप आला असला तर? म्हणून मी सांगितलं, "बुधवार."

मामींचा चेहरा पांढरा पडला. "बुधवारीच तं ताप भरला त्याले."

आता खरं सांगावं तरी पंचाईत. मनात आलं, सुटले, बांगडी तर सोमवारची. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, तिकडून नागपूरला यायला आगगाडीलाही वेळ लागतोच की, अशुभाला लागणार नाही?

मामींनी पुढे पाहिलं. हे पानठेल्यावर थांबून कुणाशी तरी हसत बोलत होते. मामींनी माझा हात धरला आणि मला कासाराच्या गल्लीत वळवलं. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरवे भरवले. कासारीण म्हणाली, "एवढ्या कायले वं, माय? लगन हाये काय घरी?"

"भर तू," मामी म्हणाल्या. मग माझ्या कानाशी येऊन, "थ्याले सांगू नोको."

मी आजवर सांगितलं नाही.