पाणी काढलंय

वरवंडला हायवेच्या कडेला माझं लहानसं दुकान आहे. गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायच्या आणि गॅसवरचे गिझर बसवायचे, हा माझा धंदा. कासुर्डीपासून दौंडपर्यंत बऱ्याच घरांत मी बसवलेले गिझर आहेत. पाहुणा बैठकीत बसतो, फार तर स्वयंपाकघरात डोकावतो. मी थेट न्हाणीघरात जातो. त्यामुळं घरातली माणसं मला अशा गोष्टी सांगतात, ज्या ती पाहुण्याला सांगणार नाहीत.

दौंडचं ते घर रेल्वेच्या बाजूला आहे. घरमालक रेल्वेत पॉइंट्समन होते, नोकरीत असतानाच त्यांनी ते बांधलं. मी त्यांना आबा म्हणायचो. बायको वारल्यावर ते, मुलगा आणि सून असे तिघंच घरात राहिले. मुलगा कुरकुंभला कंपनीत शिफ्टमध्ये, सून घरी शिवणकाम करायची. सासू होती तोवर मागच्या अंगणात तांब्याचा बंब पेटायचा. ती गेल्यावर बंबाला लाकडं घालायला कुणाला वेळ नव्हता, म्हणून मुलानं गिझर घ्यायचं ठरवलं आणि मला बोलावलं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती माझ्या मनाला अजून लागून राहिली आहे. मी म्हणालो होतो, गिझर बाहेर, मागच्या भिंतीवर लावू. मुलगा म्हणाला, "मागं बोळ हाय, येणारंजाणारं कुणीबी हात लावंल. आतच लावा." मी फारसा वाद घातला नाही. सिलिंडर तेवढा बाहेर ठेवायला लावला. गिझर आत बसवला, धूर जायला पत्र्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढला. शेजारी काचेच्या पट्ट्यांचा झरोका होता. "हा झरोका कधी बंद करायचा नाही आणि वर्षाला एकदा मला बोलवायचं," असं बजावून निघालो. वर्ष झालं, त्यांनी बोलावलं नाही आणि मलाही आठवण राहिली नाही.

पुढच्या थंडीत सुनेचा फोन आला. "दादा, पाणी नीट तापत न्हाई." मी दुकानात कामात होतो. म्हणालो, "सेल बदलून बघा." गिझर पेटायला दोन सेल लागतात, ते संपले की पेटायचा त्रास होतो. न तापण्याशी सेलचा काही संबंध नव्हता. मला ते कळत होतं, तरी मी तसं बोललो.

दहाबारा दिवसांनी तिचा परत फोन. आवाज एकदम हळू होता.

"येऊन जाल का? गिझरचं न्हाई. म्हंजी गिझरचंच हाय, पन..."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो.

मुलगा ड्युटीवर गेला होता. आबा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. त्यांची खुर्ची टीव्हीकडं तोंड करून नव्हती. ती न्हाणीघराच्या दाराकडं होती. सुनेनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पातेलं घासत, नळाचा आवाज चालू ठेवून बोलायला लागली.

"आंघोळीला गेलं का माझ्या मागं कुनीतरी उभं राहतं. खरं सांगते, दादा. आधी डोकं दोन्ही हातांनी धरल्यासारखं होतं, मग कानात घूं घूं. परवा पाटावरनं उठताच येईना. कडी दिसत हुती, पन हात तिथवर जाईना. कसंतरी दार ढकललं."

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं. म्हणाले, रक्त कमी हाय, गोळ्या दिल्यात. शेजारच्या बाई म्हणतात, सासूबाईंचं काहीतरी राहिलंय. नारळ उतरवून टाकला. काय फरक न्हाई." मग तिनं नळ बंद केला. "आन् माहेरी गेले का मला काहीच होत न्हाई बघा. शिरूरला आठ दिवस राहिले, डोकं म्हणून दुखलं न्हाई. इथं आले, दुसऱ्याच दिवशी परत सुरू. हे कंपनीतच आंघोळ करतात, म्हणतात, तुला माहेरचं येड हाय."

"शिरूरला पाणी कशावर तापतं?"

"सोलर हाय की वर."

मी पिशवी उचलली आणि न्हाणीघरात गेलो.

आत पाऊल टाकलं आणि समोर एक चेहरा दिसला. झरोक्याच्या जागी, पांढऱ्या पडद्यावर, मोठा हसरा चेहरा. मी दोन पावलं मागं सरलो. मग कळलं, तो फ्लेक्स होता. शेजारच्या घरावर मजला चढत होता आणि गवंड्यांना झरोक्यातून आतलं दिसेल, म्हणून सुनेनं कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स कापून झरोक्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं पक्का लावला होता. कोरी बाजू आत होती, पण मागून ऊन पडलं की छापलेला चेहरा उमटायचा. त्या घरातली माणसं रोज त्याच्यापुढं अंघोळ करत होती.

तिला मी विचारलं, "हे कधी लावलं?"

"दिवाळीच्या आधी."

"आणि त्रास?"

तिनं झरोक्याकडं बघितलं. "दिवाळीनंतर," म्हणाली. बाहेर कपडे वाळत घालायचे होते म्हणून बादली घेऊन ती गच्चीवर गेली.

मी बोळात जाऊन धुराचा पाइप पाहिला. त्याच्या तोंडात पारव्यांनी काड्या भरल्या होत्या. बोट घालायला जागा नव्हती. खरं तर तेवढ्यावर सगळं कळलं होतं. पण दार बंद असताना ज्योत कशी जळते, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला ओरडलो असतो. मी दार लावलं आणि नळ सोडला.

गिझर पेटला. त्याला पुढं बोटाएवढी काच असते. आधी ज्योत निळी होती. थोड्या वेळानं तिची टोकं पिवळी झाली, मग ती मऊ होऊन वर वर चाटायला लागली. नीट जळणारा गिझर फुरफुरतो, हा मुकाट जळत होता. मी ज्योतीकडं बघत उभा राहिलो. किती वेळ, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. मला वाटतं, पाचेक मिनिटं. कपाळाला कुणी दोरी आवळत असल्यासारखं झालं. फ्लेक्सवरचा चेहरा वाफेत हलायला लागला.

तेवढ्यात बाईचा आवाज आला.

"अहो, पाणी काढलंय."

आवाज मोठा नव्हता. हातातलं काम चालू ठेवून बाईनं आतल्या खोलीतून हाक मारावी, तसा साधा. मला त्यात काही वावगंसुद्धा वाटलं नाही. मी उत्तर दिलं. "हो, आलो," असं मी मोठ्यानं म्हणालो. आणि माझाच आवाज ऐकून दचकलो. माझी बायको इथं कुठं? हे कुणाचं घर? कडी हाताला लागायला वेळ लागला. दार उघडून मी बाहेर आलो आणि चौकटीला धरून उभा राहिलो.

समोर आबा खुर्चीवर बसले होते. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. घरात बाई कुणी नव्हती. गच्चीवर ओले कपडे झटकल्याचा आवाज येत होता.

मी आधी सिलिंडर बंद केला, मग अंगणात बसून मोकळी हवा छातीत भरून घेतली. सून खाली आल्यावर दोघांना समोर बसवून सांगितलं. गॅसला वास असतो, म्हणून आपण बिनघोर असतो. गळला तर कळेल, असं वाटतं. पण बंद जागेत जळताना त्याला हवा पुरली नाही की दुसराच एक वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्याला झोंबत नाही. तो रक्तात शिरतो आणि माणसाला बसल्या जागी घेऊन जातो. डोकं धरणं, कानात घूं घूं, मागं कुणी उभं असल्यासारखं वाटणं, हे सगळं त्याचंच.

सून हमसून हमसून रडायला लागली. "म्हंजी सासूबाई नव्हत्या त्या? मी त्यांना किती बोलले मनातल्या मनात. मेल्यावर तरी सुखानं राहू द्या म्हणाले."

आबा उठले, चपला घातल्या आणि रेल्वेच्या बाजूला चालत गेले.

मी तिच्या नवऱ्याला फोन केला आणि सून व आबा दोघांनाही त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं, गिझरचं सगळं नीट सांगायला लावलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आणखी आठवडाभर असंच चाललं असतं तर अवघड होतं, असं त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गिझर काढून मागच्या बोळात भिंतीवर लावला, वर पत्रा टाकला, भोवती जाळीचा दरवाजा केला. नवी नळी घातली आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडा येतो का ते बघितलं. न्हाणीघरात आता नुसता नळ. फ्लेक्स फाडला आणि झरोक्याला बाहेरून पत्र्याची तिरकी झडप केली, म्हणजे हवा येईल पण दिसणार नाही. आबा सगळा वेळ माझ्या मागं उभे होते.

"आता आत काहीच न्हाई?"

"न्हाई, आबा. आता काळजी नको."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या तोंडावर सुटल्याचा भाव नव्हता. मला ते त्या वेळी समजलं नाही.

तीनेक आठवड्यांनी दुपारी ते वरवंडला माझ्या दुकानात आले. एकटे, एसटीनं. मी पाणी दिलं. बराच वेळ ते रस्त्यावरचे ट्रक बघत बसले.

"मिस्त्री, तो गिझर परत आत लावा."

मला वाटलं, बाहेर कुणी मोडतोड केली. "का हो? काही झालं का?"

"झालं काय न्हाई. होतच न्हाई आता काही." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "सून घाबरायची. मी घाबरत नव्हतो. मी दुपारी आंघोळ करायचो, सून शिवलेलं द्यायला बाहेर गेली का. पाणी सोडून बसायचो. थोड्या वेळानं आमची बोलायची."

मी विचारायला नको होतं. पण विचारलं. "काय बोलायच्या?"

"दुसरं काय. रोज जे बोलायची तेच. बंब तापला का बादलीत पाणी काढायची आन् आतनं हाक मारायची. अहो, पाणी काढलंय."

दुकानाबाहेर हायवे भरून वाहत होता. दुपारचं ऊन काउंटरवर पडलं होतं. मी पक्कड उचलली, उगाच खाली ठेवली.

"आबा, तो विषारी वायू होता. माणूस मरतो त्यानं."

"ते सांगितलं तुम्ही. मला कळतंय." मग ते पुढं वाकले. "त्या दिवशी तुम्ही दार उघडून बाहेर आला ना, तवा तुमचं तोंड मी बघितलं. त्याच्या आधी तुम्ही आत 'हो, आलो' म्हणालात. तुम्ही कुणाला म्हणालात?"

मी त्यांच्याकडं बघितलं. म्हातारा माणूस दौंडहून एसटीत धक्के खात फक्त एवढं विचारायला आला होता. मलाही ती हाक ऐकू आली, असं म्हणालो असतो तर आनंदला असता. आणि मी गिझर आत लावला नसता, तर दुसऱ्या कुणाकडून तरी लावून घेतला असता.

"कुणाला न्हाई," मी म्हणालो. "मला वाटलं, सूनबाईंनी गच्चीवरनं हाक मारली. दुसरं मला काही ऐकू आलं न्हाई, आबा."

त्यांनी टोपी घातली. "बरं," म्हणाले. मी त्यांना एसटीत बसवून दिलं. एसटी हलल्यावर मुलाला फोन केला आणि सगळं सांगितलं. मी काय ऐकलं, ते सोडून. न्हाणीघराची आतली कडी काढून टाका, म्हणालो. आबांना घरात एकटं ठेवू नका, दुपारी त्यांच्या सोबतीला कुणीतरी ठेवा. मुलानं त्याच संध्याकाळी कडी काढली. पुढं सून दुपारचं शिवणकाम बाहेरच्या खोलीत आबांशेजारी करायला लागली, असं मला कळलं.

मी नंतर एका जाणत्या डॉक्टरांना विचारलं, अशा वायूनं माणसाला आवाज ऐकू येतात का. येऊ शकतात, म्हणाले. मेंदूला प्राणवायू कमी पडला की काहीही होतं. पण दोन माणसांना एकच वाक्य ऐकू येतं का, हे मी त्यांना विचारलं नाही. घरोघरी बायका तसंच म्हणतात, माझी आईसुद्धा म्हणायची. मी स्वतःला तेवढंच सांगतो. त्या दिवसापासून मी एकही गिझर न्हाणीघराच्या आत बसवलेला नाही. कुणी हट्ट धरला तर म्हणतो, दुसरा मिस्त्री बघा.

पुढच्या थंडीत मी न बोलावता दौंडला गेलो. सून तब्येतीनं सुधारली होती. आबांनी मला रामराम घातला. मी मागं जाऊन गिझर उघडला, बोअरच्या पाण्याचे क्षार काढले, जाळी साफ केली, पाइप झटकला. पेटवून बघत होतो तेव्हा ते हळूहळू बोळात आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

"बघू," म्हणाले.

मी सरकलो. ते वाकून काचेतून ज्योत बघत राहिले.

"निळी हाय."

"निळीच पाहिजे, आबा."

"आमची गेली तवा मी ड्युटीवरनं सुटलो होतो, पन गप्पा मारत स्टेशनात बसलो," ते ज्योतीकडं बघतच म्हणाले. "तासभर. घरी आलो तर माझ्या आंघोळीचं पाणी बंबात उकळत होतं आन् ती तिथंच खाली पडली होती. हे मी पोराला सांगितलं न्हाई अजून."

मी नळ बंद केला. ज्योत विझली. ते भिंतीला हात लावत घरात गेले, आणि मी हत्यारं पुसून पिशवीत भरायला लागलो.