पंक्चरच्या गाण्यामागे सौंदडपर्यंत

या वेळची सहल माझ्या पोटदुखीतून निघाली, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे बोदलकसा पाहून या, पावसाळ्यात फार छान असतं, असं मी तुम्हाला सांगणारच आहे. पण मी गेलो होतो ते विलासची चोरी पकडायला.

विलास कोण, ते नव्या वाचकांसाठी. या ब्लॉगवर मी कॅसेटच्या जमान्यातल्या गाजलेल्या गाण्यांमागच्या गोष्टी लिहितो. गेली दोन वर्षं दर पोस्टखाली कोणीतरी हमखास विचारतं, ‘पंक्चरच्या गाण्यावर कधी लिहिणार?’ १९९९ साली नागपुरात निघालेलं ते गाणं, ‘पायी चल गं मैना, सायकल झाली पंचर’, पूर्व विदर्भात ज्याचं लग्न झालं त्याच्या वरातीत वाजलेलंच आहे. वाजलं की नवरदेवाचे काकासुद्धा रुमाल काढून नाचतात. ते गाणं विलासचं. आम्ही दोघं एकाच ऑर्केस्ट्रात होतो. कॅसेटही एकच होती. एका बाजूला त्याची गाणी, दुसऱ्या बाजूला माझी. कव्हरवर मात्र फोटो विलासचा आणि खाली बारीक अक्षरात ‘आणि साथीदार’. तो ‘साथीदार’ म्हणजे मी.

माझी बाजू कोणी लावलीच नाही. कॅसेट काढणाऱ्या शेठचं म्हणणं होतं की माझी गाणी ऐकून माणूस खुर्चीत बसतो, उठत नाही. पुढं विलास स्टेजवर गेला आणि मी शाळेत संगीत शिक्षक झालो. कॅसेटनंतरच्या तेरा वर्षांत आमचं बोलणं दिवाळीच्या फोनपुरतं उरलं होतं. कानामागून आला अन् तिखट झाला, आणि मी शेवटपर्यंत कानच.

प्रत्येक मुलाखतीत विलास गाण्याची गोष्ट सांगतो. नवीन लग्न झालेलं, बायकोला सायकलवर बसवून तिच्या माहेरी सौंदडला निघाला, वाटेत चाक बसलं, बायको पायी चालायला तयार होईना, तेव्हा तिला हसवायला म्हणून गाणं सुचलं. लोकांना ही गोष्ट फार आवडते. मला ती साफ खोटी वाटायची. माझा पक्का समज होता की विलासला अशी चाल सुचूच शकत नाही. सौंदडकडं रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, वेळी बायका गातात. सासुरवाडीत त्यानं ती चाल ऐकली असणार, उचलली असणार आणि स्वतःच्या नावावर चढवली असणार. जुलैअखेर शाळेला जोडून सुट्टी आली, धानाची रोवणी ऐन भरात होती, आणि मी बॅग भरली.

“ब्लॉगसाठी जातोय,” मी मंगलला, म्हणजे बायकोला, म्हणालो.

“ताकाला जाऊन भांडं काऊन लपवता?” ती म्हणाली. “मीपण येते. विलासभाऊजींची चोरी सापडली तर तुमचा चेहरा पाहायचाय. नाही सापडली तर जास्तच पाहायचाय.”

नागपूरहून सकाळच्या पॅसेंजरनं तिरोड्याला उतरलो. तिकीट इतकं स्वस्त आहे की घरी बसणं महाग वाटावं. स्टेशनबाहेर आलुबोंडा आणि वरून चण्याची तर्री, हे चुकवू नका, पण शर्ट पांढरा नको. तिथून बोदलकशाला थेट गाडी मिळेलच असं नाही. आम्ही ऑटो ठरवला, जाऊन-येऊन आणि थांबण्यासकट, हे आधीच बोलून घेतलेलं बरं. शेवटचा रस्ता जंगलातून जातो आणि पावसाळ्यात जरा उखडलेला असतो.

तलाव मात्र बघण्यासारखा. तिन्ही बाजूंनी झाडी, पाण्यावर ढग टेकलेले, लांब एक डोंगा आणि त्यात जाळं आवरणारे दोघं. मंगल म्हणाली, इथं दोन दिवस राहू, विलास गेला उडत. मलाही क्षणभर तसंच वाटलं. तेवढ्यात डोंगा काठाला लागला आणि त्यातल्या एकाच्या खिशात मोबाईल वाजला. ‘पायी चल गं मैना’. पाण्यावरून आवाज काय स्वच्छ येतो म्हणून सांगू. त्यानं फोन उचललाच नाही, पूर्ण कडवं वाजू दिलं. काठावरच्या झोपडीवजा हॉटेलात आम्ही भात आणि ताज्या मासोळीचा झणझणीत रस्सा खाल्ला. रस्सा अप्रतिम होता, पण मला अर्धाच गेला.

मुक्कामाला गोंदियाला आलो. शहरात मराठीपेक्षा हिंदीच जास्त कानावर पडते. स्टेशनपासून लॉजपर्यंत ऑटोवाल्यानं स्पीकरवर तेच गाणं लावलं होतं.

मी म्हटलं, “भैया, कुछ दूसरा लगाओ ना.”

“दूसरा क्या लगाना साहब, ये अपने इधर का आदमी है,” तो म्हणाला आणि आवाज वाढवला.

मंगलनं तोंडाला पदर लावला. मी बाहेर बघत राहिलो. बिरसीच्या वैमानिक शाळेचं एक छोटं विमान गावावरून घिरट्या घालत होतं. ते तेवढं गाणं वाजवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चंद्रपूरकडं जाणारी सकाळची पॅसेंजर धरून सौंदडला उतरलो. ही गाडी जरूर करा. खिडकीबाहेर दोन्हीकडं पाण्यानं भरलेल्या बांध्या, म्हणजे धानाची वावरं, मधूनमधून जुने मालगुजारी तलाव, आणि रंगीत लुगड्यांच्या वाकलेल्या रांगा. डब्यात टोपल्या, कोंबड्या आणि भरपूर गप्पा. नागपूरहून थेट सौंदडला यायचं असेल तर साकोलीवरून एसटी सोयीची पडते.

स्टेशनापासून गावात जाताना वाटेत सायकल दुरुस्तीचं दुकान दिसलं. म्हटलं, सुरुवात इथूनच करू. दुकानदार साठीचा असावा. मी विलासचं नाव काढताच त्यानं हातातलं चाक खाली ठेवलं.

“पंचर म्याच तं काढलं होतं जी. बायको फुगून बसली होती, तिथं, त्या दगडावर. अन् हा मांगं-पुढं फिरून गाणं म्हणून रायला होता. मले वाटलं, याले ऊन लागलं.”

“नक्की हेच गाणं?”

“मंग? पंचरचं गाणं दुसरं कोणतं हाय?”

मंगल माझ्याकडं पाहत होती. मी चहा मागवला. पंक्चर खरं निघालं, पण चाल अजून बाकी होती. चाल कुठून आली, ते दुकानदाराला कुठं ठाऊक असणार.

विलासच्या सासूबाई सगुणाबाई बांधीवर आहेत असं त्यांच्या घरी कळलं. आम्ही चपला हातात घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, निघालो. जाणार असाल तर चांगल्या चपला नेऊ नका, चिखल परत देत नाही. बांधीत पंधरा-वीस बायका रांगेत वाकलेल्या. डाव्या हातात परे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उजव्या हातानं ती भराभर चिखलात खोचत होत्या आणि एक-एक पाऊल मागं सरत होत्या. सगुणाबाई सत्तरीच्या, वाळक्या, काटक. मी विलासचा जुना मित्र म्हटल्यावर त्या धुऱ्यावर येऊन बसल्या.

मी फार गोड आवाजात विचारलं, “आजी, जावईबापूंचं ते गाणं, त्याची चाल तुमच्याकडची जुनीच ना? रोवणीची?”

“कोण म्हणते?”

“नाही, मला आपलं वाटलं.”

“जावयाचं गाणं जावयाचंच हाय जी. आमचं कायले राहीन? त्या चालीवर रोवणी होते काय? इतकी धावते ते, हातचे परे सुटतात.” त्या हसल्या. “त्यानं तं किती डाव सांगतलं, माझं म्हणा, माझं म्हणा. एक दिवस म्हणून पाह्यलं. अर्धी बांधी वाकडी रोवली.”

झालं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. विलास खरा निघाला, गोष्टीसकट आणि चालीसकट, आणि साक्ष त्याच्या सासूची. मला इतकं वाईट वाटलं की ते लपवावं असंही सुचलं नाही. मंगलनं माझ्या पाठीवर हात ठेवला. या वेळी ती हसली नाही.

“मग तुम्ही काय म्हणता रोवणीत?” तिनंच विचारलं, विषय बदलायला.

सगुणाबाईंनी रांगेकडं पाहून हाक दिली. टोकाच्या बाईनं सुरू केलं आणि बाकीच्यांनी उचललं. संथ चाल होती. एक ओळ वाकायला, एक ओळ सरायला. पहिली ओळ मी नुसती ऐकली. दुसरी ओळ मला पाठ होती.

‘मागं मागं ये साजणी, पाणी आहे निवळ.’

ते माझं गाणं होतं. कॅसेटच्या उलट्या बाजूचं, खुर्चीत बसवणारं, कोणीच न लावलेलं माझं गाणं. नागपुरात भाड्याच्या खोलीत, पेटी मांडीवर घेऊन बांधलेलं. तिसऱ्या ओळीला मी घेतलेली ती आडवी जागा, जिच्यावरून शेठनं मला वेड्यात काढलं होतं, ती इथं पंधरा-वीस बायका चिखलात उभ्या राहून सहज घेत होत्या.

“हे कोणाचं?” मी विचारलं.

“कोणाचं म्हणजे?” सगुणाबाई म्हणाल्या. “रोवणीचं.”

रांगेतली एक तरुण मुलगी वर पाहून म्हणाली, “आजीचं हाय. आमी लहानपनापासून म्हणून रायलो.”

मंगलला काहीच माहीत नव्हतं, आमचं लग्न नंतरचं. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि ओळखलं. “सांगा ना,” ती हळूच म्हणाली.

मी सांगितलं. आजी, हे गाणं मी बांधलंय. शब्द माझे, चाल माझी.

सगुणाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. रागावल्या नाहीत. “असं? मंग म्हना बरं.”

रांग थांबली. मी धुऱ्यावर उभा राहिलो, घसा साफ केला आणि गायलो, जसं बांधलं होतं तसं. ‘पुढं पुढं ये साजणी, पाणी आहे निवळ.’ नदी ओलांडणाऱ्या पोरीला पोरगा पलीकडून बोलावतोय, असं ते गाणं होतं.

पुढं माझं ऐकूच आलं नाही. अख्खी रांग हसत होती. एकीच्या हातचे परे खाली पडले.

“चुकलं जी,” सगुणाबाई समजुतीनं म्हणाल्या. “पुढं कशी येईन ते? पुढं आली तं रोवलेलं तुडवन नाही काय? मागं मागं म्हना. शहरातल्या माणसाले ठावूक नसते.”

मी पुन्हा म्हटलं, त्यांच्यासारखं. सवयीनं पुन्हा ‘पुढं’च आलं. मग त्यांनी प्रेमानं मला शिकवलं, ओळ तोडून तोडून, जसं मी सहावीच्या वर्गाला शिकवतो. जेवायला ठेवून घेतलं. घरच्या तांदळाचा भात, वरण, वांग्याची भाजी. मी दोनदा भात घेतला. परतीच्या गाडीत मंगल म्हणाली, “आता कोणावर जळता?” मी म्हटलं, त्या सगळ्याजणींवर. हे थट्टेत म्हटलं नव्हतं. ज्या गाण्यासाठी मी तेरा वर्षं कुढलो, ते त्यांना फुकट मिळालं होतं, आणि त्यांच्या तोंडी ते माझ्यापेक्षा बरं वाजत होतं.

घरी पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी विलासचा फोन. दिवाळी नसताना.

“सासूबाई सांगत होत्या. कोणी मास्तर आला होता, गाणं चुकीचं म्हणत होता.”

“तुला माहीत होतं?”

“कॅसेट मीच नेऊन दिली होती बे. माझं ऐकतील म्हणून. त्यांनी उलटी बाजू उचलली.”

“अन् काऊन नाही सांगितलं इतकी वर्षं?”

“जळत होतो,” तो म्हणाला. “ लोक माझ्या गाण्यावर नाचतात अन् मग जेवायला जातात. अन् सासुरवाडीत, माझ्या तोंडावर, माझ्या घरच्या बायका तुझं म्हणतात. दरवर्षी. तुला काय सांगू मी?”

खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्या आनंदात मी पंक्चरच्या गाण्याची मनापासून तारीफ केली. चाल तुझीच आहे, मी खात्री करून आलो, असंही सांगितलं. तो म्हणाला, “तुला शंका होती?” मी विषय बदलला.

तर वाचकहो, पंक्चरच्या गाण्याची गोष्ट खरी आहे. दुकान आहे, दगड आहे, दुकानदार आहे, जाऊन विचारा. आणि सौंदडच्या बांधीतलं ‘मागं मागं’ माझं आहे, हे मी इथं लिहून ठेवतोय. त्याला मात्र पुरावा काही नाही. कव्हरवर माझं नाव नाही, शेठ वारले, आणि बायकोची साक्ष कोण धरतो. ते गाणं माझं आहे हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच, आणि तो विलास.

त्याला बीपी आहे. गोळ्या वेळेवर घेत नाही, असं वहिनी सांगत होत्या. म्हणून हल्ली दर रविवारी मीच त्याला फोन करतो.