पडद्यापलीकडचा बाप

गाडी शिकवणाऱ्या बाईला चिडून चालत नाही. ती चिडली की शिकणारा घाबरतो, घाबरला की ब्रेक सोडून भलतंच काहीतरी दाबतो, आणि मग दोघांनाही कुणाच्या तरी दुकानाच्या काचेतून आत जाऊन खुलासा करत बसावं लागतं. म्हणून ही बाई कधी चिडत नसे. तिच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, तो ती गुपचूप दाबायची आणि म्हणायची, "छान. आता परत करून बघू." तिच्या हाताखालून गेलेले लोक तिला ब्रेकताई म्हणत. त्यातल्या निम्म्यांना आपण अजून का जिवंत आहोत, हे ठाऊकच नव्हतं.

तिचा नवरा गाद्यांच्या मोठ्या शोरूममध्ये मॅनेजर होता. गिऱ्हाइकाला गादीवर आडवं करायचं आणि त्याच्या उशाशी उभं राहून मणक्यांविषयी बोलायचं, हे त्याचं काम. झोप या विषयावर तो इतकं बोलायचा की ऐकणाऱ्याला ती आपोआप यायची. घरी मुलगी रडायला लागली की मात्र हा झोपेचा जाणकार नेमका प्रात्यक्षिकात गढलेला असायचा. "अगं, मला ऐकूच आलं नाही," तो सकाळी निरागसपणे सांगायचा. खरं तर शेजारच्या इमारतीत ऐकू गेलेलं असायचं.

कारण मुलगी तशीच होती. दीड वर्षाची, गुबगुबीत, आणि रडणं म्हणजे कारखान्याचा भोंगा. आधी खालच्या पट्टीत सुरुवात, मग हळूहळू चढत जाणार, मग एकाच सुरावर स्थिर. शेजाऱ्यांनी तिचं नाव भोंगू पाडलं आणि आईबापांनीही ते मुकाट्याने स्वीकारलं.

नवऱ्याचे आईवडील तेव्हा त्याच्या बहिणीकडे राहत होते. तिचं गाव लांब, विमानाने अख्खा दिवस जाईल इतकं. नात त्यांनी फक्त फोनवर पाहिलेली, तीही बहुतेक वेळा कानाच्या बाजूने. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आम्ही गेल्यावर आणणार आहात का तिला?" त्यानंतर तिकिटं काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

नवऱ्याने प्रवासाची जय्यत तयारी केली. म्हणजे त्याने व्हिडिओ पाहिले. विमानात बाळाचे कान का दुखतात, बाळाला स्थैर्य कसं द्यावं, आई शांत असली की बाळ कसं शांत राहतं, हे सगळं त्याने बायकोला सविस्तर समजावलं. ती त्या वेळी लंगोट, दुधाची पावडर, कपड्यांचे तीन-चार जोड आणि खेळणी एका पिशवीत कोंबत होती. "आई शांत असली की," तो पुन्हा म्हणाला. ती शांत होती. पिशवीची चेन लागत नव्हती, एवढंच.

विमानतळावर काउंटरवरच्या पोरसवदा बाईने संगणकात बघून कपाळाला आठ्या घातल्या. विमान गच्च भरलंय, म्हणाली. पण तुमच्यापैकी एकाला मी पुढच्या वर्गात जागा देऊ शकते, वेगळे पैसे नाहीत.

"बाळाला घेऊन मॅडम पुढे गेल्या तर बरं पडेल," तिने सुचवलंही. "तिथं ऐसपैस जागा असते."

तिचं वाक्य पुरं होईपर्यंत पुढच्या जागेचा कागद नवऱ्याच्या हातात होता.

"बघ ना," तो बायकोला समजुतीच्या सुरात म्हणाला, "तिथली माणसं कामाची असतात. त्यांना बाळाचा त्रास नको. शिवाय माझी पाठ तुला माहितीये. मी अर्ध्या वाटेत येतो ना. अदलाबदल करू. निम्मं निम्मं."

ब्रेकताईने त्याच्या पाठीकडे पाहिलं. चांगली रुंद आणि ताठ पाठ होती. ती वळून चालायलाही लागली होती.

"छान," ती म्हणाली.

तिची जागा खिडकीशी होती. शेजारी, म्हणजे नवऱ्याच्या जागेवर, एक गृहस्थ येऊन बसले. गळ्यात उशी, पायांत जाड मोजे, चेहऱ्यावर पूर्ण समाधान. मांडीवरची भोंगू दिसताच ते समाधान मावळलं, पण माणूस सभ्य होता. त्यांनी स्मित केलं. "आमचे दोन्ही मुलगे विमानात कधी रडले नाहीत," त्यांनी माहिती दिली. पुढे बोलता बोलता असं निघालं की मुलांबरोबर प्रवास त्यांची बायको करायची आणि हे आदल्या दिवशी कामासाठी पुढे गेलेले असायचे.

हवाईसुंदरीने बाळासाठी छोटा पट्टा आणून दिला. विमान पळायला लागलं, नाक वर झालं आणि भोंगूने खालचा सूर लावला. आईने बाटली तोंडात दिली. भोंगूने ती काढून गृहस्थांच्या मोज्यांवर टाकली. मग सूर चढला. पुढच्या रांगांतली डोकी एकेक करून मागे वळली आणि प्रत्येक डोक्याला वाटत होतं की असं वळून पाहिल्याने बाळ गप्प होईल.

"तिच्या कानात दडे बसत असतील," गृहस्थ म्हणाले.

"हो का?" ब्रेकताई म्हणाली.

"तुम्ही शांत राहा. आई शांत असली की..."

"माहितीये," ती म्हणाली.

पुढचे तास कसे गेले ते ज्याने त्याने समजून घ्यावं. भोंगूने गृहस्थांचा चष्मा दोनदा काढला. तिसऱ्यांदा त्यांनी तो स्वतःच काढून खिशात ठेवला. खिडकीची झडप वर-खाली, वर-खाली असा उद्योग सुरू झाला, तेव्हा जरा बरं चाललं होतं. तेवढ्यात मागच्या कुणीतरी "उजेड येतोय" म्हणून तक्रार केली. मग लंगोट बदलायची वेळ आली. विमानाचं संडास बांधणाऱ्या माणसाला स्वतःचं मूल नसावं किंवा असल्यास त्याच्याशी भांडण असावं. भिंतीतून एक फळी खाली यायची, ती बाळापेक्षा अरुंद होती. ब्रेकताईने एका हाताने मुलगी धरली, दुसऱ्याने लंगोट, गुडघ्याने पिशवी आणि कपाळाने दार, आणि तेवढ्यात विमानाला गचका बसला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर वेगळा सदरा होता. कुणी काही विचारलं नाही.

जेवण आलं ते भोंगू डाव्या दंडावर झोपल्यानंतर. ब्रेकताईचा डावा हात अडकलेला, उजवा ट्रेच्या झाकणापर्यंत पोचत नव्हता. गृहस्थांनी स्वतःचं जेवण संपवलं, हात पुसले आणि म्हणाले, "तुम्ही पण खाऊन घ्या. आईनं स्वतःकडे दुर्लक्ष करू नये." हे बोलताना त्यांचं कोपर भोंगूच्या पायाला लागलं. झोप संपली.

ब्रेकताईला तेव्हाही राग आला नाही. तिला फक्त पडदा दिसला. लांब पुढे, दोन भिंतींच्या मध्ये, निळा पडदा ओढलेला. अर्धी वाट कधीच सरली होती. तिकडून कुणी आलेलं नव्हतं. तिने मुलीला खांद्यावर टाकलं, गृहस्थांना उठवलं, पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागली.

पडद्यापाशी हवाईसुंदरी आडवी आली. "मॅडम, तुमचा वर्ग मागे आहे."

"मला बसायचं नाहीये," ब्रेकताई म्हणाली. "एक वस्तू पोचवायचीये. मालक आत आहेत."

हवाईसुंदरीने आत डोकावून पाहिलं. एक माणूस पलंगासारख्या लांबलचक खुर्चीवर पसरला होता. डोळ्यांवर काळी पट्टी, छातीवर पांघरूण, बाजूला रिकामा पेला, बशीत चॉकलेटचे कागद. तोंड किंचित उघडं. हवाईसुंदरीने भोंगूकडे पाहिलं, आईच्या दुसऱ्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचं नोकरीचं हसू जाऊन तिथं खरं हसू आलं.

"थांबा," ती म्हणाली. "मी बाळाचा पट्टा घेऊन येते."

ब्रेकताईने भोंगूला अलगद नवऱ्याच्या पोटावर बसवलं. त्याने पट्टी वर केली.

"अं? पोचलो?"

"अर्धी वाट झाली," ती म्हणाली. "पिशवी पायाशी आहे." आणि ती गेली. मागे वळून पाहावंसं तिला फार वाटलं, पण तिने ते दाबलं.

जागेवर येऊन तिने गार झालेलं जेवण खाल्लं. मग चहा मागितला. चहा गरम होता. पहिला घोट गरम, मधला गरम आणि शेवटचाही गरम. दीड वर्षात असा प्रकार झाला नव्हता. खाली ढग होते. ते तिने आता पाहिले.

"बाळ कुठंय?" गृहस्थांनी दचकून विचारलं.

"वडिलांकडे."

"अरेच्चा! वडील पण आहेत?"

"आहेत. पुढे असतात."

गृहस्थ काही वेळ विचारात पडले. बहुधा त्यांना त्यांच्या बायकोची आठवण आली असावी, कारण त्यांनी त्यानंतर सल्ला दिला नाही.

थोड्याच वेळात पडद्यापलीकडून खालचा सूर लागला. तो चढला. तो स्थिर झाला. मागची सगळी डोकी वर आली, पण या वेळी चेहऱ्यांवर एक प्रकारचं समाधान होतं. महागाच्या जागा घेणाऱ्यांनाही कधीतरी अनुभव यायला हवा, असं सगळ्यांचंच मत दिसलं.

"बाळ रडतंय वाटतं कुणाचं तरी," ब्रेकताई म्हणाली आणि चहा प्याली.

सूर काही थांबेना. शेवटी पडदा बाजूला झाला आणि नवरा आला. भोंगू त्याच्या काखेत आडवी, सदऱ्यावर दूध, केस उभे, डोळ्यांवरची पट्टी कपाळावर सरकलेली.

"अगं, तिला तू हवी आहेस!" तो कुजबुजला. त्याची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत गेली. "तिथले लोक बघताहेत माझ्याकडे. एक जण तर काहीतरी बोलला पण."

तेवढ्यात टुंग असा आवाज झाला आणि डोक्यावर पट्ट्याचा दिवा लागला.

"बघ," ब्रेकताई खेदाने म्हणाली. "आता उठताच येत नाही."

हवाईसुंदरी तत्परतेने आलीच. "सर, कृपया आपल्या जागेवर जा. बाळाला पट्टा बांधा." सर गेले. जाताना त्यांची ती रुंद पाठ चांगलीच वाकलेली होती.

विमान उतरेपर्यंत भोंगू कधी रडली, कधी गप्प झाली. गप्प असताना ती काय करत होती ते नंतर कळलं. नवऱ्याने तिला चॉकलेटचे कागद मोजून दाखवले होते, खुर्ची पलंग करून आणि पलंग खुर्ची करून दाखवली होती, आणि शेवटी ती त्याच्या गळ्यात हात टाकून, त्याची पट्टी स्वतःच्या डोळ्यांवर ओढून झोपून गेली होती.

बाहेर त्याचे आईवडील आणि बहीण वाट बघत होते. लेकाच्या खांद्यावर नात झोपलेली पाहून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या बाळानं सांभाळलं बाळाला!" ती लेकीला म्हणाली. "एवढ्या लांबचा प्रवास! आमच्या ह्यांनी कधी उचलून तरी घेतलं होतं का कुणाला?" सासरे दुसरीकडे पाहू लागले.

"त्यात काय," नवरा विनयाने म्हणाला. "युक्ती असते एक. माणूस शांत असला की बाळ शांत."

ब्रेकताई सगळ्या बॅगा ओढत मागून येत होती. तिने हेही ऐकलं. तिला वाटलं, बोलावं. मग वाटलं, राहू दे, गाडी कुठे जाते ते बघू.

गाडी फार छान ठिकाणी गेली. तिथल्या मुक्कामात सासूबाईंनी हा पराक्रम येईल त्या माणसाला सांगितला. प्रत्येक वेळी त्यात थोडी भर पडत गेली आणि नवऱ्याने एकदाही दुरुस्ती केली नाही. शेवटी निघायच्या वेळी सासूबाईंनीच फर्मान काढलं. "परत जाताना पोर तुझ्याजवळच बसव रे. तिला तुझी सवय झालीये. हिला जमायचं नाही तुझ्यासारखं."

नवऱ्याने बायकोकडे आशेने पाहिलं.

"अगदी खरं आहे आई," ब्रेकताई म्हणाली. "मला कुठलं जमायला." आणि तिने त्याच संध्याकाळी जागा निवडल्या. बापलेक एका रांगेत, ती बरीच मागे.

परतीच्या विमानात तिला लांबून सगळं दिसत होतं. बाटली पडली, ती शोधायला नवरा खुर्चीखाली गेला. संडासातून आला तेव्हा त्याचाही सदरा बदललेला होता. मग तो मुलीला घेऊन मधल्या वाटेने फेऱ्या मारायला लागला. आणि बघता बघता विमानातल्या सगळ्यांची मनं विरघळली. एका आजीबाईंनी त्याला आपली केळी दिली. "काय नशीबवान पोर आहे, असा बाप मिळाला!" हवाईसुंदऱ्या आळीपाळीने मुलीला घ्यायला आल्या. एकाने उठून त्याला पाय पसरायला आपली जागा देऊ केली. जाताना ब्रेकताईने हेच सगळं केलं होतं, तेव्हा तिला फक्त उजेडाबद्दल तक्रार मिळाली होती.

तिला हसू आलं आणि थोडा मत्सरही वाटला. एकदा तिच्या रांगेपाशी येऊन भोंगूने तिच्याकडे हात पसरले. घ्यावं, असं तिला मनापासून वाटलं. पण नवराच म्हणाला, "नको, आता लागतेय झोप. तू आलीस की ती जागी होते." हे तो अतिशय गंभीरपणे म्हणाला. त्याला यातलं काहीतरी खरंच कळायला लागलं होतं, आणि त्याचाही त्याला गर्व झाला होता.

विमान उतरलं. लोक उठले, सामान काढलं, ढकलाढकली करत निघून गेले. ब्रेकताई पिशव्या घेऊन त्याच्या रांगेपाशी आली. भोंगू त्याच्या दंडावर गाढ झोपली होती. तो हलत नव्हता. मान वाकडी, हात सुन्न, चेहरा घामेजलेला.

"चल," ती म्हणाली.

"शू! उठेल ती."

"अरे, विमान रिकामं झालं."

"जाऊ दे ना पाच मिनिटं."

मागच्या दाराने सफाईची माणसं आत आली. एकाने केर ओढायच्या यंत्राचं बटण दाबायला हात पुढे केला, तसा नवऱ्याने मोकळा हात वर करून त्याला असं काही दरडावलं की तो जागच्या जागी थांबला. ब्रेकताई समोरच्या खुर्चीच्या हातावर टेकली. तिने काही बोलायला तोंड उघडलं, तर नवऱ्याने ओठांवर बोट ठेवून तिलाही गप्प केलं.