परत ठेवलेली अकरा पाकिटं

मानसशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं मदतनीस असलेल्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. गळ्यात कायम स्टॉपवॉच. नव्या विद्यार्थ्यांना आधी वाटतं, या खेळाच्या शिक्षिका, आणि ते सरळ बसतात. विभागाला हा गैरसमज सोयीचा असल्याने तो कुणी दूर करत नाही.

माणसाला खुर्चीत बसवायचं, वीस शब्द वाचून दाखवायचे, दहा मिनिटांनी त्यातले किती आठवतात ते लिहायचं, हे मावशींचं काम. आवाज इतका सपाट, की 'आग' आणि 'वाटी' त्यांच्या तोंडून सारखेच निरुपद्रवी वाटतात. शिवाय एक वही. पंखा बंद पडला, कुणी चष्मा विसरलं, कुणाला शिंक आली, सगळं त्यात. ही वही लिहायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती कुणी वाचतही नसे.

त्या वर्षी संशोधन करणारी एक मुलगी प्रबंधासाठी प्रयोग करत होती: गोंगाटात ऐकलेलं माणूस लवकर विसरतो का? शांत खोली दुसऱ्या मजल्यावर, गोंगाटाची तळमजल्यावर, सुतारकामाच्या वर्गाला लागून. बोलावलेली माणसं चाळीस, बंद पाकिटंही चाळीस. निम्म्यांत 'वर' लिहिलेली चिठ्ठी, निम्म्यांत 'खाली'. माणूस आला की मावशींनी गठ्ठ्यातलं पुढचं पाकीट उघडायचं आणि निघेल त्या खोलीत त्याला न्यायचं. कोण कुठे बसणार हे नशिबावर सोडलं, की म्हातारे-तरुण, हुशार-विसराळू दोन्हीकडे साधारण सारखे पडतात. सगळी मदार त्यावर.

आकडे आले तेव्हा मुलगी नाचायचीच बाकी होती. वर सरासरी बारा शब्द आठवले, खाली सात.

"मावशी, एवढा फरक पुस्तकातसुद्धा नाही मिळत!"

मावशींनी कागद घेतला. आकड्यांवरून नजर सरकून वयांच्या रकान्यावर थांबली. खालच्या खोलीत साठीच्या पुढचेच जास्त.

"पोरी, यातले काही गोंगाटाने नाही विसरले. वयाने विसरले."

"म्हणजे?"

मावशींनी वही उघडली. क्रमांक सात: गुडघे दुखतात. 'वर' निघालं, परत ठेवलं, 'खाली' दिलं. क्रमांक बारा: काठी. परत ठेवलं. अशा अकरा नोंदी. परत ठेवलेली पाकिटं मग जिना धडाधड चढणाऱ्यांना मिळाली होती, त्यामुळे वीस-वीस बरोबर भरले आणि कुणाला पत्ता लागला नाही.

"अहो मावशी, निघालेलं पाकीट बदलायचं नसतं!"

"दोन जिने चढून ती काठीवाली आजी वर पोचली असती, तर शब्द सोड, स्वतःचं नाव आठवलं नसतं तिला. तेव्हा मला ते बरोबर वाटलं. काय करून बसले ते आत्ता कळतंय."

प्रबंध द्यायला दोन महिने उरले होते. मुलगी आधी रडली, मग चिडली, मग दोन्ही एकदम केलं. विभागप्रमुख सरांनी मधला मार्ग काढला. "ती अकरा माणसं वगळू. वही काय, कोण मागतंय?"

"आणि त्यांची पाकिटं ज्यांना गेली, त्यांचं काय करायचं, सर?" मावशींनी विचारलं.

सरांनी कप तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी बराच वेळ प्यायले.

मावशींचे यजमान शिंपी. सगळं ऐकून घेताना त्यांनी मशीन थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "माप चुकलं तर शर्ट उसवायचा. गिऱ्हाइकाला बारीक हो म्हणायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी मावशींनी जाहीर केलं, "पुन्हा करायचं. नवी माणसं, चाळीसच्या चाळीस."

"सात आठवड्यांत? मागच्या वेळी पाच महिने लागले!"

"मागच्या वेळी मी जेवायला घरी जात होते."

वाचनालयामागे तळमजल्यावर दोन सारख्या खोल्या होत्या, मोडक्या खुर्च्यांनी भरलेल्या. मावशींनी त्या तीन दिवसांत रिकाम्या केल्या. सुतारकामाचा आवाज टेप करून एका खोलीत लावायचं ठरलं. आता जिन्याचा प्रश्नच नव्हता.

"फक्त पाकिटं माझ्या हातात नकोत," मावशी म्हणाल्या. "माझा हात मऊ आहे."

म्हणून पाकिटं कचेरीतल्या मोठ्या कारकुनांकडे गेली. त्यांना सगळे 'नियमावली' म्हणत. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कुणाची अडचण समजून घेतल्याचं ऐकिवात नव्हतं. या गुणासाठी कुणी त्यांना मुद्दाम बोलावण्याची ही पहिलीच वेळ. ते इस्त्रीचा सदरा घालून आले.

तिसऱ्या आठवड्यात काठी टेकत एक आजोबा आले. "साहेब, मला जरा शांत खोली द्या हो. कटकट सोसत नाही आता."

"पाकिटात निघेल ती."

"आणि नाही आवडली तर?"

"तर घरी जायला मोकळे आहात. पाकीट बदलणार नाही."

आजोबांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी स्टॉपवॉच मुठीत घट्ट धरलं आणि भिंतीकडे पाहिलं. पाकिटात गोंगाट निघाला. आजोबा कुरकुरत आत बसले आणि त्यांनी चौदा शब्द सांगितले.

प्रबंध द्यायच्या आठ दिवस आधी चाळिसावा माणूस उठला. शांत खोलीत सरासरी दहा शब्द, गोंगाटात नऊ. ठामपणे काही म्हणावं इतका फरक नाही. मुलीने तसंच लिहिलं, फसलेली पहिली फेरीही लिहिली, आणि अकरा नोंदी वहीतल्या जशाच्या तशा शेवटी जोडल्या.

तोंडी परीक्षेला आलेल्या परीक्षकांना प्रबंध शेवटच्या पानापासून वाचायची सवय होती. त्यांनी मावशींना बोलावून घेतलं. मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"या नोंदी तुमच्या? तुम्ही बोलला नसतात तर हे कुणाला कळलं असतं?"

"वहीत होतं की," मावशी म्हणाल्या.

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. मग मुलीला म्हणाले, "या प्रबंधातल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवतो," आणि सही केली.

मावशींनी सहीची वेळ बघून वहीत लिहिली.