जवळच्या भिंतीचं मैदान

काका कुणाच्याही घरी गेले की आधी चालायचे. बूट काढले, कोट दिला, की यजमान पाणी आणेपर्यंत हे गृहस्थ हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मोजून पावलं टाकत जाणार, पलीकडची भिंत दोनदा ठोकणार आणि वळून सांगणार, "अठरा. आधी मैदान, मग माणसं." कॅनडात, टोरोंटोजवळच्या व्हिटबीतल्या माझ्या कॉन्डोत, म्हणजे छोट्या फ्लॅटमध्ये, पहिल्यांदा आले तेव्हा अकराव्या पावलाला भिंत आली. "बाबू, इथे टीम नाही मावत. एकटा पिचर राहू शकते फक्त," म्हणाले. पिचर म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. मला राग आला. तुम्हालाही आला असता.

आम्ही एकाच ऑफिसात होतो, पाण्याच्या पाइपलाइनींचे आराखडे काढायचो. ते नागपूरचे, निवृत्तीला टेकलेले; मी पुण्याचा, नुकताच विमानातून उतरलेला. नागपूरकराने पुणेकराला छळावं तितकं त्यांनी मला छळलं आणि वर स्वतःच्या डब्यातली अर्धी भाजी रोज माझ्या ताटलीत ओतली. पहिल्याच वसंतात त्यांनी मला लीगमध्ये ओढलं. दुसऱ्या वर्षी सेक्रेटरी केलं, म्हणजे फुकटचा कारकून.

ही लीग म्हणजे कागदावरचं बेसबॉल. आम्ही बारा जण. इंटरनेटवरच्या यादीतून जुने-नवे खेळाडू निवडून आपली टीम बांधायची, तिला एक घरचं मैदान द्यायचं, की कॉम्प्युटर रोज मॅच खेळवून संध्याकाळी निकाल पाठवतो. आपण बॅट धरायची नाही, नुसती काळजी करायची. बेसबॉलची मैदानं मात्र एकसारखी नसतात. कुठे भिंत इतकी जवळ की साधा उंच फटकाही पलीकडे पडतो. तिथे फटकेबाज घ्यावेत. कुठे भिंत लांब, हवा जड, चेंडू मध्येच दमतो. तिथे पिचर चांगले घ्यावेत आणि एक-दोन धावांत काम उरकावं. आम्ही बाकीचे आवडते खेळाडू आधी उचलायचो आणि मैदान उरेल ते घ्यायचो. काका आधी मैदान घ्यायचे. यादीतलं सगळ्यात मोठं. मग महिनाभर बसून त्याला साजेसे पिचर निवडायचे. त्यांचे निकाल २-१, १-० असे असायचे, वाचायलाही कंटाळवाणे. पण जिंकायचे तेच.

घरही त्यांनी तसंच घेतलं होतं. पाच बेडरूम, दोन गाड्यांचं गराज, आणि खाली फिनिश केलेला बेसमेंट: वेगळं दार, वेगळं किचन, वेगळी वॉशरूम. मुलगा तेव्हा नुकताच शिकून बाहेर पडला होता. त्याचं लग्न होईल, दोघं खाली राहतील, नातवंडं जिना चढून वर येतील, असा तो आराखडा. मुलाला कुणी विचारलं होतं का, हे मी एकदा काकूंना विचारलं. त्या पोळ्या लाटत होत्या. "यांनी घर नाही घेतलं रे, स्टेडियम घेतलं," म्हणाल्या, "आता मी एकटीच प्रेक्षक."

मुलगा बर्नाबीला गेला, देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिथेच नोकरी, तिथेच लग्न. भांडण झालं नाही, हे काका आवर्जून सांगायचे. खरं तर झालं असतं तर बरं झालं असतं, भांडणानंतर निदान समेट होतो. दर रविवारी फोन असायचा. मी समोर बसून एकदा ऐकला आहे.

"स्नो पडला का?"

पलीकडून काहीतरी.

"पाऊस? बरं. इकडे शोव्हल करून करून पाठ गेली. बरं मग. ठेवतो."

फोन खाली ठेवून ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मजेत आहे." एवढ्यावरून त्यांना कसं कळलं कोण जाणे.

खालच्या बेसमेंटमध्ये मुलासाठी आणून ठेवलेल्या नव्या गादीचं प्लास्टिक मात्र शेवटपर्यंत निघालं नाही. नाताळच्या सुट्टीत एकदा मुलगा आणि सून आले, तेव्हा "खाली थंड वाटतं" म्हणून वरच्या खोलीत झोपले.

काकू गेल्या त्या हिवाळ्यात मुलगा पाच दिवस आला आणि परत गेला. पुढच्या शनिवारी सकाळी आमच्या नेहमीच्या कॉफीच्या दुकानात काका माझ्यासमोर बसले. कप तसाच होता. म्हणाले, "बाबू, मैदान चुकलं माझं."

मला वाटलं, घर विकायचं म्हणताहेत. तर ते लीगबद्दल बोलत होते. निदान मी तसं समजलो.

त्यांनी ते मोठं मैदान सोडलं. ज्यांच्यावर वर्षानुवर्षं जीव लावला ते पिचर एका बैठकीत सोडून दिले. आणि यादीतलं सगळ्यात लहान, अगदी जवळच्या भिंतीचं मैदान घेतलं. मग एकेक करून फटकेबाज उचलले. सगळे एकाच काळातले, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे. मी विचारलं, हेच का?

"त्याच्या खोलीत यांची पोस्टरं होती," काका म्हणाले. "अकरा वर्षांचा होता. मी त्याला टोरोंटोला मॅचला न्यायचो न, तर तो म्हणायचा, डॅड, तुमचे पिचर बोअर आहेत, कोणी मारतच नाही काही. त्याला उंच फटके पाहायचे असायचे. आणि मी भिंत किती फुटावर आहे ते समजावून राहिलो होतो त्याला."

टीमच्या पानावर दुसरा मॅनेजर घ्यायची सोय असते. काकांनी तिथून मुलाला ईमेलने निमंत्रण पाठवलं होतं. सेक्रेटरी म्हणून ते मला दिसायचं: दुसरा मॅनेजर, उत्तराची वाट.

"काका, रविवारी बोलता तेव्हा विचारा ना त्याला."

"फोनवर काऊन विचारू? विचारलं तर तो हो म्हणेल. भला पोरगा आहे. मला त्याचं हो नको. त्याने पाहून, मनाने यायला पाहिजे. मैदान त्याच्या मर्जीचं करून ठेवलं आहे."

तीन वर्षं ती टीम तळाला राहिली. काकांचे फटकेबाज नऊ धावा काढायचे आणि समोरचे त्याच जवळच्या भिंतीवरून अकरा. लीगमध्ये त्यांची थट्टा व्हायला लागली, आणि खोटं कशाला बोलू, मीही केली. एकदा चिडून म्हणालो, "निदान दोन बरे पिचर घ्या. अशाने तुम्ही कधीच जिंकणार नाही."

"पिचर दिसला की त्याला कंटाळा येते," म्हणाले. आणि माझ्या ताटलीत अर्धा डोनट ठेवला.

दर मार्चला नवा सीझन सुरू झाला की ते निमंत्रण पुन्हा पाठवायचे. दर मार्चला मला ती ओळ दिसायची. त्या पोराला बापासाठी एक बटन दाबता येत नाही, म्हणून मी त्याच्यावर मनातल्या मनात दात धरला होता. घरी बायकोलाही दहादा सांगून झालं होतं.

या मे महिन्यात गराजमध्ये विंटर टायर रचून ठेवताना काका कोसळले. शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली, पण उशीर झाला होता.

मुलगा घर रिकामं करायला आला तेव्हा मी मदतीला गेलो. मदत हे निमित्त, मला त्याला चार शब्द सुनावायचे होते. तो बेसमेंटमध्ये उभा होता, त्या प्लास्टिकमधल्या गादीपाशी. केस बापासारखेच विरळ झालेले. मी फोनवर टीमचं पान उघडलं आणि त्याच्या हातात दिलं. म्हटलं, "हे तुझ्या वडिलांनी तुझ्यासाठी बांधलं होतं."

त्याने यादी वरून खाली वाचली. पुन्हा वर नेली.

"हू आर दीज गाईज?"

"तुझ्या खोलीत यांची पोस्टरं होती."

"होती?" तो खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. "मे बी. आय स्टॉप्ड वॉचिंग बेसबॉल इन हायस्कूल, अंकल." मग, माझ्यासाठी मराठीत, "मला वाटायचं बाबांना आवडतं, म्हणून मी जायचो मॅचला."

मी म्हणालो, ते असो, पण तीन वर्षं त्यांनी निमंत्रण पाठवलं, तू उत्तर का दिलं नाहीस? तो म्हणाला, मला काहीच आलं नाही. मी ती ओळ उघडून दाखवली. तिच्याखाली लहान अक्षरात पत्ता होता. मी तीन वर्षांत तो एकदाही वाचला नव्हता.

त्याने वाचला आणि तो गादीच्या कडेला बसला. प्लास्टिक कुरकुरलं.

"धिस इज माय हायस्कूल ईमेल. वीस वर्षं झाली. मला पासवर्डपण आठवत नाही."

वर किचनमध्ये फ्रिजवर एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती. शिकायला बाहेर पडताना आईसाठी लिहून ठेवलेली, जुन्या घरातून जपून आणलेली: फोन नंबर, खाली हा पत्ता. फोन नंबर खोडून दोनदा नवा लिहिला होता. पत्ता तसाच होता. काकांनी तोच उतरवून घेतला असणार. नवा कधी मागितला नसणार, कारण मागितला असता तर कशाला हवा ते सांगावं लागलं असतं.

मी म्हणालो, मी सेक्रेटरी आहे, तुझ्या आत्ताच्या पत्त्यावर नवं निमंत्रण पाठवतो. एका मिनिटाचं काम.

त्याने मान हलवली. "नको. कोणाबरोबर खेळू?"

सुनावायचे म्हणून आणलेले चार शब्द मी परत घेऊन आलो. ती लहान अक्षरं मी पहिल्याच मार्चला वाचली असती तर, हा विचार आता मला सोडत नाही. ओळखीत चार माणसांना विचारून त्याचा नवा पत्ता काढणं मला काही अवघड नव्हतं.

घर विकलं गेलं. नियमाप्रमाणे मालक नसलेली टीम मी बंद करायला हवी. अजून केलेली नाही. सीझन सप्टेंबरपर्यंत चालतो आणि कॉम्प्युटरला कोण गेलं ते कळत नाही, तो काकांनी लावून ठेवलेले तेच नऊ फटकेबाज रोज त्या लहान मैदानावर उतरवतो. संध्याकाळी जेवायला बसताना निकाल येतो आणि मी तो उघडतो. कालही हरले, अकरा-नऊ. निकालाखाली ती ओळ असते: दुसरा मॅनेजर, उत्तराची वाट.